चुकार रकार : देवनागरी कळफलकाच्या इतिहासांतील एक प्रकरण

आषाढी एकादशी जवळ आली कीं सोलापूर जिल्ह्यांतल्या लिहित्या माणसाला पंढरपुराविषयीं कांहींतरी लिहावेंच लागतें. गेल्या आषाढांत मीहि एका स्मरणिकेसाठीं वारीवर छोटासा लेख संगणकावर लिहिला. घरीं दोनदां वाचून पाहिला. लेखनदोष आढळला नाहीं. परंतु छपाईपूर्वीं तपासण्यासाठीं तो परत आला तेव्हां मीं जेथें जेथें 'वारकऱ्यांची' असें लिहिलें होतें, तेथें तेथें 'वारकर्यांची' असें उमटलें होतें. माझी मूळ प्रत उघडून पाहिली. तिच्यांत शब्द शुद्ध होता. त्या शब्दांतील 'य' खोडला आणि खोडण्याची कळ आणखी एकदां दाबली, तर खोडलें कांहींच गेलें नाहीं. मात्र आडव्या रेघेसारखा दिसणारा 'र' डोळ्यांदेखत पाय मोडलेला 'र्' झाला. लेखांतील एक परिच्छेद माझ्या भाच्यानें आपल्या फोनवर लिहून दिला होता. एडिटरला 'वारकऱ्यांची' हा शब्द सबंध लेखांत शोधावयास सांगितलें, तर माझे शब्द सांपडले, भाच्याचे सांपडले नाहींत. डोळ्यांना दोन्ही अगदीं सारखे दिसत होते.

आमच्या शेजारीं एक वृद्ध गृहस्थ राहतात. त्यांचें आयुष्य कचेऱ्यांतून मराठी टंकलेखन करण्यांत गेलें. त्यांना विचारलें, "काका, कळफलक बिघडला असेल काय?" ते हंसून म्हणाले, "कळ बिघडली तर ती सगळ्या शब्दांत बिघडेल. एकाच अक्षराला रोग झाला असेल तर कळेला दोष देऊं नका. तें अक्षर आंत कसें सांठवलें आहे, तें पाहा." या सल्ल्यानें मी शोधास लागलों, आणि जें हातीं आलें तें यंत्रापेक्षां आपल्या लिपीच्या इतिहासाविषयींच अधिक सांगणारें निघालें. तेंच येथें वाचकांपुढें ठेवीत आहें.

प्रथम हा 'र' कोण, हें सांगितलें पाहिजे. मराठींत अर्धा 'र' पुढील व्यंजनाला दोन प्रकारें जोडला जातो. 'सूर्य', 'धर्म' यांत तो रफार होऊन माथ्यावर बसतो. 'तऱ्हा', 'कऱ्हाड', 'दऱ्या' यांत तो आडवा होऊन पुढच्या अक्षराला बिलगतो. हा भेद केवळ दिसण्यापुरता नाहीं. रफाराच्या शब्दांत 'र' मागच्या अक्षराला चिकटतो व त्या अक्षरावर आघात येतो. आडव्या 'र'च्या शब्दांत तो पुढच्या 'य'शीं अथवा 'ह'शीं मिसळून हलका उच्चारला जातो, आणि मागचें अक्षर ऱ्हस्व असेल तर तें लघुच राहतें. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग. 'आचार्यांना' दक्षिणा दिली तर ती गुरुजनांना पोंचते. 'आचाऱ्यांना' दिली तर ती स्वयंपाकघरांत जाते. संस्कृताला या दुसऱ्या 'र'ची गरज नाहीं, हिंदीलाहि ती पडत नाहीं. तो मराठीच्या उच्चारानें निर्माण केलेला आहे.

तो कोठें कोठें येतो हें पाहिलें म्हणजे त्याचें महत्त्व ध्यानांत येतें. 'री'कारान्त पुल्लिंगी नाम विभक्तीचा प्रत्यय घेण्यास वांकलें, कीं हा 'र' हजर होतो: शेतकरी—शेतकऱ्यांचा, गिरणकरी—गिरणकऱ्यांचा, वारकरी—वारकऱ्यांचा. आतां सोलापूर जिल्ह्याचें वर्णन करावयाचें म्हणजे दुसरें काय सांगावयाचें असतें? जिल्ह्याच्या एका अंगाला भीमेच्या कांठीं पंढरपूर; मध्यें ज्वारीचें कोरडवाहू रान; आणि १८७७ मध्यें सुरू झालेल्या 'जुनी मिल'पासून ज्याच्या सकाळी भोंग्यानें उजाडूं लागल्या, असें शहर. वारकऱ्यांचा, शेतकऱ्यांचा आणि गिरणकऱ्यांचा हा मुलूख त्या एका अक्षराशिवाय शुद्ध लिहितांच येत नाहीं. त्यामुळें तें अक्षर कोणत्या यंत्रांत कसें वागलें, हा प्रश्न आपल्याला परका नाहीं.

मुद्रणाच्या आरंभीं असा प्रश्न उपस्थित होण्याचें कारण नव्हतें. १८३१ सालीं गणपत कृष्णाजी यांनीं मुंबईंत शिळाप्रेसवर पंचांग छापलें, तेव्हां लेखकाच्या हातानें जें लिहिलें तेंच दगडावरून कागदावर उतरत होतें. पुढें खिळ्यांचें युग आलें. अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत टॉमस ग्रॅहॅम यांच्या हाताखालीं तयार झालेले जावजी दादाजी यांनीं निर्णयसागर छापखाना १८६९ मध्यें काढला व त्याचे देवनागरी खिळे देशभर नांवाजले गेले. खिळ्यांच्या छापखान्यांत एखादें जोडाक्षर हवें असेल, तर त्याचा ठसा कोरून खिळा ओतावयाचा, एवढेंच काम. त्याची किंमत अशी कीं, रोमन लिपीला शेंदीडशें खिळ्यांत जें साधतें, त्यासाठीं देवनागरीच्या जुळाऱ्यापुढें कित्येक शें घरांच्या पेट्या मांडाव्या लागत. काम कष्टाचें होतें. पण अक्षराला कोणी 'तूं येऊं नकोस' असें म्हणत नव्हतें.

तें म्हणण्याची पाळी टंकयंत्रानें आणली. अमेरिकेंत मिलवॉकी येथें ख्रिस्तोफर शोल्स व त्यांचे सहकारी यांनीं १८६८ मध्यें आपल्या यंत्राचें पेटंट घेतलें आणि रेमिंग्टन कारखान्यानें तें १८७४ पासून बाजारांत आणलें. तें यंत्र सव्वीस अक्षरांच्या लिपीसाठीं घडलेलें होतें. त्याच्या पंचेचाळीसच्या आसपास असलेल्या कळांवर, प्रत्येकीवर दोन चिन्हें धरलीं तरी, नव्वदाहून फारशीं अधिक चिन्हें मावत नाहींत. देवनागरीला त्यांत बसवावयाचें तर अक्षरें तोडावीं लागणार हें उघड होतें, आणि तीं तोडलीं गेलीं. रेमिंग्टन पद्धतीच्या देवनागरी यंत्रावर पुष्कळ अक्षरें पूर्ण नव्हतीं, अवयवांच्या रूपानें होतीं. 'ग' हवा असेल तर त्याचें कान्याविना अर्धें रूप आधीं छापावयाचें आणि मग कान्याची कळ दाबून तो पुरा करावयाचा. कांहीं कळा अशा कीं त्या दाबल्या तरी यंत्राची गाडी पुढें सरकत नसे. म्हणजे दोन खुणा एकाच जागीं पडत. १९५५ मध्यें गोदरेज आणि बॉइस कंपनीनें भारतीय बनावटीचें टंकयंत्र काढलें, आणि पुढें गांवोगांवच्या टंकलेखन-वर्गांतून हीच विद्या हजारों मुलामुलींच्या बोटांत भिनली.

या विद्येचा मुख्य नियम असा होता कीं, जसें दिसतें तसें छापावयाचें. 'किती' या शब्दांत ऱ्हस्व वेलांटी 'क'च्या डावीकडे दिसते, म्हणून वेलांटी आधीं आणि 'क' मागून. रफार अक्षराच्या माथ्यावर दिसतो, म्हणून अक्षर आधीं आणि रफार मागून. उच्चारांत तो आधीं येतो याच्याशीं यंत्राला कर्तव्य नव्हतें. बोटें डोळ्यांच्या आज्ञेंत चालत, कानांच्या नव्हे.

यंत्राच्या या अडचणीमुळें लिपीच बदलावी असा विचार बळावला. सावरकरांनीं व काका कालेलकरांनीं 'इ', 'ई', 'उ' या स्वतंत्र स्वरांऐवजीं 'अ'लाच वेलांटी-उकार देण्याची रीत पुरस्कारिली, ती मुद्रणाच्या व टंकनाच्या सोयीसाठींच. सर्वांत मोठा प्रयोग नोव्हेंबर १९५३ मध्यें लखनौच्या लिपिसुधार परिषदेंत झाला. ऱ्हस्व वेलांटी डावीकडून उचलून उजवीकडे न्यावी, आणि दीर्घ वेलांटीपासून वेगळी ओळखावी म्हणून तिचा दांडा तोकडा ठेवावा, असें तेथें ठरलें. यंत्राच्या दृष्टीनें ही योजना निर्दोष होती. परंतु वाचकांच्या डोळ्यांना ऱ्हस्व व दीर्घ यांत भेद कळेना, आणि १९५७ मध्यें ती सुधारणा मागें घेण्यांत आली. या घटनेंतून एक गोष्ट सिद्ध झाली: लिपी यंत्रासाठीं एका मर्यादेपर्यंतच वांकते, त्यापलीकडे यंत्रालाच वांकावें लागतें.

यंत्र वांकलें तें संगणकाच्या रूपानें. संगणकाला अक्षराचें रूप ठाऊक नसतें. त्याच्यापाशीं असतात ते फक्त क्रमांक. कोणत्या अक्षराला कोणता क्रमांक द्यावयाचा हें ठरविलें, कीं रूप काढण्याचें काम फॉन्टकडे सोंपवितां येतें. भारतीय लिपींसाठीं असा तक्ता १९८० नंतरच्या दशकांत तयार झाला. त्याला 'इस्की' म्हणतात, आणि १९९१ सालीं तो भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झाला. त्याच्याच जोडीला 'इन्स्क्रिप्ट' नांवाचा कळफलक आला. त्यांत डाव्या हाताकडे स्वर व मात्रा, उजव्या हाताकडे बहुतेक व्यंजनें, आणि नियम असा कीं, जसें उच्चारतों तसें लिहावयाचें. 'कि' लिहितांना आधीं 'क', मागून वेलांटी. ती डावीकडे नेऊन बसविण्याचें काम यंत्राचें. 'धर्म' लिहितांना आधीं 'र', मग हलन्त, मग 'म'. रफार माथ्यावर चढविणें यंत्राकडे.

जुन्या टंकलेखकांना कळफलक वेडा झाल्यासारखा वाटला तो येथें. सवयीनें वेलांटीची कळ आधीं दाबावी, तर पडद्यावर ठिपक्यांचें एक वर्तुळ उमटून वेलांटी त्याला चिकटते. म्हणजे यंत्र म्हणतें, 'मात्रा दिलीस, व्यंजन कोठें आहे?' 'क्षि' खोडावयास जावें, तर एका फटक्यासरशी अक्षर न जातां आधीं वेलांटी जाते, मग 'ष', मग हलन्त, आणि शेवटीं 'क' उरतो. कारण डोळ्यांना एक दिसणाऱ्या त्या अक्षरांत चार क्रमांक आहेत. हीं विक्षिप्त वाटणारीं वागणुकीचीं उदाहरणें म्हणजे यंत्राची लहर नव्हे. दिसण्याच्या क्रमावर पोसलेलीं बोटें आणि उच्चाराच्या क्रमावर उभारलेला तक्ता यांच्यामधील तो वाद आहे.

मधल्या काळांत पुष्कळांनीं तिसरीच वाट धरली. पुण्याच्या 'श्रीलिपी'सारख्या फॉन्टसंचांनीं इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरीचे अवयव बसवून जुन्या टंकयंत्राची रीत संगणकावर चालूं ठेविली. छपाईसाठीं तें उत्तम चाललें व मराठी वृत्तपत्रांच्या धंद्याला त्यानें मोठा हात दिला. पण ज्या संगणकांत तो फॉन्ट नाहीं, तेथें तोच मजकूर अर्थहीन इंग्रजी अक्षरांचा ढीग होऊन पडे. हा घोटाळा मिटला तो 'युनिकोड' या जागतिक तक्त्यानें. त्याची पहिली आवृत्ती १९९१ मध्यें निघाली आणि देवनागरीचा भाग तिनें इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवरूनच घेतला. तथापि मराठीची सर्व सोय एका दिवसांत झाली नाहीं. 'ॲ' या मराठी अक्षराला स्वतःची जागा मिळावयास २००८ साल उजाडावें लागलें; तोंवर अनेकांच्या लेखनांत 'ए'वर चंद्र दिलेला 'ऍ' दिसे, आणि त्याचा दोष बिचाऱ्या लेखकाच्या माथीं येई.

आतां आपल्या चुकार रकाराकडे वळूं. तक्ता उच्चाराच्या क्रमावर उभा आहे. त्यांत 'र' अधिक हलन्त अधिक 'य' एवढें सांगितलें कीं यंत्र रफार काढतें. मग 'वारकऱ्यां'मधील आडवा 'र' कसा सांगावयाचा? इस्कीच्या कर्त्यांनीं त्यासाठीं जी तोड काढली ती सोलापूरकराला विशेष मौजेची वाटेल. त्यांनीं तक्त्यांतील निराळाच एक 'र' उचलला: खालीं ठिपका असलेला 'ऱ'. हा मराठीचा नव्हे. दक्षिणेच्या द्राविड भाषांत एक कठोर 'र' आहे, तो देवनागरींत लिहून दाखवितां यावा म्हणून त्याला ही जागा दिलेली. कानडी व तेलुगु लिपींच्या तक्त्यांतहि त्याचें अक्षर आहे, आणि तिन्ही तक्त्यांत त्याचें स्थान तेंच, आरंभापासून मोजल्यास पन्नासावें. इन्स्क्रिप्ट कळफलकावरहि तिन्ही लिपींत तो एकाच कळेवर, इंग्रजी 'जे'च्या कळेवर शिफ्ट धरून येतो. या 'ऱ'ला हलन्त देऊन पुढें 'य' अथवा 'ह' लिहिला, कीं ठिपका नाहींसा होतो आणि आडवा 'र' उमटतो.

म्हणजे वारकऱ्यांचा 'र' बसतो तो दाक्षिणात्य 'र'च्या आसनावर. हा योगायोग असेल. पण सोलापुरांत तो परका वाटत नाहीं. येथील ग्रामदैवत सिद्धरामेश्वर बाराव्या शतकांत आपलीं वचनें कानडींत रचून गेले. भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग-कुडल येथें शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८ चा मराठी लेख आहे, आणि त्याच जिल्ह्यांत कानडी शिलालेख विपुल आहेत. तेलंगणांतून आलेल्या पद्मशाली विणकरांनीं शहराच्या पूर्वभागांत तेलुगु घरोघरीं नेली. जुन्या कानडींत वावरणारा तो कठोर 'र' आजच्या कानडींतून निघून गेला आहे. तक्त्यांतील त्याची जागा मात्र राहिली, आणि मराठी देवनागरींत तिचा खरा उपयोग होतो तो वारकऱ्यांना, शेतकऱ्यांना व विणकऱ्यांना नांव देण्यासाठीं.

एवढ्यावर गोष्ट संपती तर माझा लेख बिघडता ना. परंतु युनिकोडच्या १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तींत या आडव्या 'र'साठीं वेगळी रीत होती: नेहमींचा 'र', त्याला हलन्त, आणि त्यापुढें एक अदृश्य चिन्ह. या चिन्हाला रुंदी नाहीं, उच्चार नाहीं. 'येथें रफार करूं नकोस' एवढेंच तें फॉन्टला सांगतें. पुढें मानक पुन्हा इस्कीच्या रीतीकडे वळलें; पण तोंवर जुन्या रीतीनें मजकूर लिहिला गेला होता, म्हणून तीहि मान्य ठेवण्यांत आली. तेव्हांपासून मराठींतील या एका अक्षराला दोन जन्मपत्रिका आहेत. कांहीं कळफलक एक रीत वापरतात, कांहीं दुसरी. लिहिणाराला त्याचा पत्ताहि नसतो.

आतां माझ्या तिन्ही कोड्यांचा उलगडा आपोआप होतो. माझा कळफलक अदृश्य चिन्हाच्या रीतीचा, भाच्याचा 'ऱ'च्या रीतीचा. शोध घेतांना एडिटर रूप पाहत नाहीं, क्रमांक पाहतो. म्हणून त्याचे शब्द त्याला दिसले नाहींत. खोडण्याच्या दुसऱ्या फटक्यानें खोडलें गेलें तें अदृश्य चिन्ह. तें गेल्यावर 'र' पाय मोडून उभा राहिला. आणि लेख एका यंत्रांतून दुसऱ्यांत जातांना वाटेंतल्या एखाद्या प्रणालीनें 'निरुपयोगी' म्हणून तींच अदृश्य चिन्हें झाडून काढलीं, तेव्हां सगळे वारकरी रफाराखालीं सांपडले. भाच्याच्या परिच्छेदांतील वारकरी मात्र सुखरूप राहिले होते. मीं तेव्हां नीट पाहिलें असतें तर तेथेंच उत्तर मिळालें असतें.

हा घोटाळा एका स्मरणिकेपुरता असता तर त्यावर एवढी शाई खर्चण्याचें कारण नव्हतें. पण 'गोऱ्हे', 'बऱ्हाटे', 'कऱ्हाडे' अशीं आडनांवें याच 'र'नें लिहावीं लागतात. आज जमिनीचे उतारे, मतदारांच्या याद्या, शाळेचे दाखले हे सर्व संगणकांत आहेत, आणि त्यांतून आपलें नांव काढावयाचें म्हणजे शोधच घ्यावा लागतो. नांव एका रीतीनें नोंदलेलें आणि शोध दुसऱ्या रीतीनें चाललेला असेल, आणि दोन्ही रीती एकच आहेत हें प्रणालीला कोणी शिकविलें नसेल, तर 'नोंद आढळली नाहीं' असें उत्तर येईल. खिडकीपाशीं उभ्या असलेल्या माणसाला तें खरें वाटेल, कारण यंत्र खोटें बोलत नाहीं अशी आपली समजूत आहे.

उपाय अवघड नाहीं. अक्षर विचित्र वागूं लागलें, तर प्रथम तोच शब्द दुसऱ्या साध्या एडिटरमध्यें लिहून पाहावा. तेथेंहि तसेंच घडलें तर एडिटर निर्दोष. मग दुसऱ्या कळफलकानें लिहून पाहावा. तेथें सुधारलें तर दोष कळफलकाच्या रीतींत आहे. तरीहि न उलगडल्यास शब्दाच्या शेवटून एक एक क्रमांक खोडीत मागें यावें आणि कोणत्या फटक्याला काय बदलतें तें पाहावें. अदृश्य चिन्ह तेथेंच पकडलें जातें. लेख दोघांनीं मिळून लिहिला असेल, तर छापण्यापूर्वीं आडव्या 'र'चे सर्व शब्द एकाच रीतीनें, शक्य तर 'ऱ'च्या, बदलून घ्यावे. आणि ज्यांच्या हातीं नोंदींच्या प्रणाली आहेत, त्यांनीं दोन्ही रीती शोधांत एक मानाव्या. त्याला नवें संशोधन लागत नाहीं, मराठी माणूस काय लिहितो याची जाणीव मात्र लागते.

काकांना हा सारा शोध सांगितला, तेव्हां त्यांनीं मला आमच्या गल्लींतील चादरीच्या कारखान्यांत नेलें. जॅकार्ड मागावर भोकें पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरत होती; भोंक असेल तेथें दोरा उचलला जाई, नसेल तेथें खालीं राही. चादरीवरच्या मोराची मान एका जागीं तुटली होती. विणकरानें कापडाला हात लावला नाहीं कीं मागालाहि बोल लावला नाहीं; त्यानें माळ थांबविली, पुठ्ठे एक एक करून मागें मोजले, एका पुठ्ठ्यावरचें बुजलेलें भोंक शोधून मोकळें केलें आणि माग पुन्हा चालूं केला. घरीं येऊन मींहि लेखांतील सर्व वारकऱ्यांना एका रीतीवर आणलें. स्मरणिका एकादशीपूर्वीं छापून निघाली.